पटकीची लस आणि कांठालबागानची वस्ती

मराठी मुलखात गावकुसाबाहेर मरीआईचे ठाणे नाही असे गाव विरळाच. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार न्यावयाचा, मग पलीकडच्या गावाने तो आणखी पुढे न्यावयाचा, ही रीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिलेली आहे. बंगालमध्ये याच व्याधीच्या देवतेस हिंदू ओलाईचंडी म्हणत आणि मुसलमान ओलाबीबी म्हणत. संकटसमयी दोन्ही समाज तिला शरण जात. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापविलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले, आणि आपल्याकडील ‘मोडशी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपातील भाषांत जाऊन बसला. मोडशी, वाखा, पटकी, महामारी अशी अनेक नावे धारण करणाऱ्या या रोगास आज आपण कॉलरा म्हणतो.

या रोगाविरुद्ध निरोगी माणसांना आधीच लस टोचून ठेवावी, आणि तीही एकदोघांना नव्हे तर वस्तीच्या वस्तीला, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर व काटेकोर नोंदी ठेवून प्रथम कसोटीला लागली ती आपल्या देशात. तिची कथा एका शास्त्रज्ञाच्या बुद्धीची आहे, तशीच ज्यांनी विश्वासाने आपले दंड आणि कुशी पुढे केल्या त्या सामान्य माणसांचीही आहे. या दुसऱ्या पक्षाचे स्मरण सहसा केले जात नाही. म्हणून तिकडे थोडे अधिक लक्ष द्यावयाचे आहे.

पटकीचे भय तिच्या वेगात होते. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी जुलाब-उलट्यांनी हैराण व्हावा, डोळे खोल जावेत, हातपाय गार पडावेत आणि दिवे लागण्यापूर्वी त्याने डोळे मिटावेत, असे घडे. उपचार न मिळाल्यास तीव्र दुखणेकऱ्यांपैकी निम्मे दगावत. १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे उसळलेली साथ लष्कराच्या तळांबरोबर, व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आणि जहाजांबरोबर देशोदेशी गेली, आणि त्यानंतर शतकभर पटकीच्या लाटांमागून लाटा जगावर आदळत राहिल्या. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यात साथ पसरली आणि घरी परतणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवाटेने ती उत्तर हिंदुस्थानभर गेली.

रोग पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली एका पंपाच्या पाण्याचा माग काढून दाखविले होते. त्याच वर्षी इटलीतील पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू पाहिले. परंतु त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८८४ च्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास येऊन स्वल्पविरामासारखा वाकडा असा हा जंतू वेगळा वाढवून दाखविला. वस्तीच्या तळ्यातील पाण्यातही तो त्यांना सापडला. तरीही हिंदुस्थान सरकारच्या आरोग्यखात्यातील वरिष्ठ अधिकारी हवा, ऋतू आणि जमीन यांनाच दोष देत राहिले. त्याला एक व्यावहारिक कारणही होते. रोग माणसांबरोबर प्रवास करतो असे एकदा मान्य केले की हिंदुस्थानातून जाणारी जहाजे सुएझच्या वाटेवर विलगीकरणासाठी अडवून धरली जाणार, आणि साम्राज्याचा व्यापार खोळंबणार! शास्त्राचा निर्णय प्रयोगशाळेत लागला तरी तो कचेरीत पोहोचण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण होय.

कलकत्त्यातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर लोकांच्या डोळ्यांसमोर होते. १८७० च्या सुमारास पालता येथून गाळलेले पाणी नळांनी शहरात येऊ लागले, आणि ज्या भागांना ते भरपूर मिळाले तेथे पटकीचा जोर ओसरला. परंतु नळ पोहोचले ते मुख्यतः पक्क्या घरांच्या रस्त्यांपर्यंत. त्यामागे पसरलेल्या ‘बस्ती’ नावाच्या दाट झोपड्यांच्या आवारांत मधोमध एक तळे असे. आंघोळ त्यातच, कपडे-भांडी त्यातच, आणि पिण्यासाठी घागरही त्यातूनच भरावयाची. रोग्याची वस्त्रे त्या तळ्यात धुतली गेली की सारी वस्ती त्याच्या दुखण्याची वाटेकरी होई. या वस्त्यांना पाणी मिळावयास किती वर्षे लागतील हे कोणीच सांगू शकत नव्हते. तोवर या माणसांनी काय करावे?

लसीचा प्रयत्न याआधीही झाला होता. स्पेनमध्ये व्हॅलेन्शिया प्रांतात १८८५ च्या साथीत हाइमे फेरान या वैद्याने हजारो लोकांना जिवंत जंतूंची लस टोचली. परंतु त्याने आपली कृती उघड केली नाही, टोचलेल्यांच्या व न टोचलेल्यांच्या विश्वसनीय नोंदी ठेवल्या गेल्या नाहीत, आणि चौकशीसाठी आलेल्या परदेशी मंडळींचे समाधान झाले नाही. धाडस होते, पण पुरावा नव्हता. लस कितीही गुणकारी असो, तिचा गुण मोजून दाखविता आला पाहिजे, हा धडा फेरानच्या अपयशाने दिला.

तो धडा मनात धरून आलेला मनुष्य म्हणजे वाल्देमार मॉर्देकाय हाफकीन. जन्म १८६० साली ओडेसा येथे, एका ज्यू कुटुंबात. तेथील विद्यापीठात ते मेच्निकॉव्ह यांचे शिष्य होते. झारच्या राज्यात ज्यू आणि त्यातही राजकीय चळवळीत वावरलेला, अशा तरुणास पुढची वाट बंदच होती. ते स्वदेश सोडून पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत आले. तेथे आरंभी त्यांना जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. फावल्या वेळात प्रयोग करून त्यांनी पटकीची लस सिद्ध केली. गिनीपिगाच्या पोटातून जंतू एकामागून एक नेऊन त्यांची उग्रता वाढवावयाची व ती स्थिर करावयाची, आणि दुसरीकडे उष्ण हवेच्या झोतात वाढवून त्यांना सौम्य करावयाचे. मग आधी सौम्य आणि काही दिवसांनी उग्र, अशा दोन मात्रा टोचावयाच्या, अशी ती पद्धत होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. थोडा ताप आला, टोचल्या जागी दुखले, आणि ते बरे झाले. मग काही रशियन मित्रांनीही टोचून घेतले.

लस निरुपद्रवी आहे एवढे यातून ठरले. ती रोग टाळते की नाही, हे मात्र जेथे रोग वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे अशाच ठिकाणी कळणार होते. पॅरिसमध्ये त्या वेळी ब्रिटनचे राजदूत म्हणून असलेल्या, आणि पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेल्या लॉर्ड डफरिन यांच्या साहाय्याने हाफकीन यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली. १८९३ च्या मार्च महिन्यात ते कलकत्त्यास उतरले. त्यांना कोणतीही अधिकाराची जागा नव्हती. त्यात ते रशियाचे प्रजाजन, म्हणून हेरगिरीचा संशय वेगळाच.

एप्रिलमध्ये आग्र्यास काम सुरू झाले. पहिल्या वर्षात उत्तर हिंदुस्थानातील लष्करी छावण्या, शहरे व खेडी हिंडून हाफकीन यांनी वीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. एवढ्या श्रमाचे फळ काय? जेथे टोचले तेथे साथ आली नाही, आणि जेथे साथ आली तेथे टोचलेले नव्हते. साथ कधी कोठे येईल हे सांगता येत नाही. म्हणून माणसे टोचूनही पुरावा हाती लागेना. ज्या वस्तीत रोग हटकून पुन्हा पुन्हा येतो तीच निवडली पाहिजे, आणि तेथे टोचलेली व न टोचलेली माणसे एकाच छपराखाली, एकाच तळ्याचे पाणी पिणारी असली पाहिजेत, हे त्यांना उमगले.

अशी संधी १८९४ च्या मार्चअखेरीस आली. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्प्सन यांनी कांठालबागान नावाच्या वस्तीतील तळ्याचे पाणी तपासण्यासाठी हाफकीन यांना बोलाविले. कांठालबागान म्हणजे फणसांची बाग. नाव बागेचे, पण होती ती शहराच्या कडेची दाट झोपडवस्ती, आणि तेथे नुकतेच पटकीचे मृत्यू झाले होते. पाण्यात जंतू सापडले. वस्तीत सुमारे २०० माणसे होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. उरलेल्यांनी घेतली नाही. त्यानंतर त्या वस्तीत पटकीने पुन्हा डोके वर काढले. ७ माणसे दगावली, आणि ती सर्व न टोचलेल्यांपैकी होती. पाणी तेच, झोपड्या त्याच, अन्न तेच. फरक होता तो सुईचा.

आकडे लहान आहेत, आणि लहान आकड्यांवर मोठा सिद्धांत उभारू नये, हे हाफकीन स्वतः जाणून होते. तरी या ११६ माणसांकडे क्षणभर पाहावे. लसीचा गुण त्यांच्यापुढे सिद्ध झालेला नव्हता. तो त्यांच्यामुळे सिद्ध व्हावयाचा होता. एक परका गोरा माणूस सुई घेऊन दारात येतो, आणि ज्या रोगाने काल शेजारी गेला त्याच रोगाचे जंतू अंगात घालू म्हणतो, यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावा? सरकारचा हुकूम नव्हता. असता तरी तो उलटाच परिणाम करता. येथे उपयोगी पडली ती हाफकीन यांच्याबरोबर काम करणारी चौधरी, घोष, चॅटर्जी आणि दत्त ही बंगाली डॉक्टर मंडळी. ती लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत; आणि लस निर्धोक आहे हे पटविण्यासाठी चारचौघांदेखत टोचून घेण्याचा उपायही योजला जाई. माणूस आधी डॉक्टरवर विश्वास ठेवतो आणि मग लसीवर, हा क्रम जगात कोठेही बदललेला नाही.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कांठालबागाननंतर काम वाढले, ते कलकत्त्याच्या इतर वस्त्यांत, आणि त्याचबरोबर आसाम-काचारच्या चहामळ्यांत, तुरुंगांत व पलटणींत. छोटा नागपूर आणि बिहारमधून कराराने बांधून नेलेले मजूर आगबोटींतून मळ्यांकडे जात. वाटेत व मळ्यांवर पटकी त्यांची वाट पाहत असे. मळेवाल्यांना लसीत रस होता, कारण मजूर मेला की त्याच्या भरतीचा खर्च बुडे. दरभंग्याच्या तुरुंगात कैद्यांना रांगेत बसवून एकाआड एक टोचण्यात आले. शास्त्रदृष्ट्या ही तुलना उत्तम, कारण निवडीत पक्षपात राहत नाही; पण ज्याला तुरुंगाबाहेर पाऊल टाकता येत नाही त्याची संमती किती मोकळी, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. मजुराच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे. ज्यांच्यामुळे जगाला ज्ञान मिळाले त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

१८९५ पर्यंत ४०,००० हून अधिक लोकांना लस टोचून झाली होती. हिवतापाने खंगलेले हाफकीन युरोपला परतले, आणि आपल्या निष्कर्षांत त्यांनी उणिवाही लपविल्या नाहीत. टोचलेल्यांत पटकीचे प्रमाण पुष्कळ घटले होते. परंतु टोचूनही जो आजारी पडला त्याचे दुखणे सौम्य होत नव्हते. शिवाय संरक्षण टिकाऊ नव्हते. लखनौच्या एका पलटणीस १८९३ मध्ये सौम्य मात्रा टोचलेल्या होत्या. पुढच्या वर्षी साथ आली तेव्हा त्यांचा उपयोग थोडाच झाला. ढाल होती, पण ती काही काळापुरती.

१८९६ मध्ये ते परत आले तेव्हा मुंबईत प्लेग उसळला होता, आणि पटकीचे काम बाजूला पडले. प्लेगच्या लसीसाठी १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये जी प्रयोगशाळा उघडली, तीच १९२५ पासून त्यांच्या नावाने ओळखली जाते. पटकीची लसही तेथे दीर्घकाळ तयार होत असे. पण प्लेगच्या त्या दिवसांनीच विश्वास किती नाजूक असतो हे दाखविले. १८९७ मध्ये पुण्यात सोजिरांनी घरे झडतीला घेतली, तेव्हा औषध आणि जुलूम यांतील अंतर लोकांच्या लेखी पुसले गेले. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकीन यांच्यावर आला; तो त्यांचा नव्हता हे १९०७ मध्ये मान्य झाले, तोवर त्यांची उमेदीची वर्षे निघून गेली होती.

विसाव्या शतकात पटकीची लस सौम्य जिवंत जंतूंऐवजी मारलेल्या जंतूंची झाली, करण्यास सोपी झाली, आणि तिच्याबरोबर सक्तीही आली. पंढरपूरच्या यात्रेस जाणाऱ्या वारकऱ्यांना टोचून घेण्याची सक्ती झाली; जहाजाने परदेशी जाणाऱ्यास टोचल्याचा दाखला लागू लागला. पण १९६० नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तान, कलकत्ता आणि फिलिपाइन्स येथे नीट आखलेल्या चाचण्या झाल्या, तेव्हा दिसून आले की टोचणीचे संरक्षण सुमारे निम्म्यांनाच, आणि तेही काही महिनेच मिळते. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांच्या दाखल्याची अट काढून टाकली.

टोचणी दुबळी का, याचे उत्तर पुन्हा कलकत्त्यातच मिळाले. डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले की पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही. तो आतड्यात राहून एक विष सोडतो, आणि त्या विषाने शरीरातील पाणी आतड्यात ओढले जाते. शत्रू आतड्यात, आणि आपण पहारा बसवीत होतो रक्तात! या ज्ञानातून दोन वाटा निघाल्या. एक उपचाराची: गेलेले पाणी व क्षार परत द्यावयाचे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण पिंपांतून वाटले, आणि शंभरात तीसच्या घरातील मृत्यू चारांच्या आत आले. दुसरी वाट लसीची: लस टोचण्याऐवजी पाजावयाची, म्हणजे पहारा आतड्यातच बसेल.

१९८५ मध्ये बांगलादेशातील मतलब या भागात अशा पेय लसीची मोठी चाचणी झाली. पुढे २००५ मध्ये तिच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट हाती आली. ज्या पाड्यांत बहुतेकांनी लस घेतली होती, तेथे न घेतलेल्यांनाही रोग कमी झाला होता. वस्ती एकत्र राखली जाते, एकेकटी नव्हे. कारण प्रत्येक आजारी माणूस सर्वांचे पाणी दूषित करीत असतो. त्यानंतर २००६ मध्ये कोलकात्याच्या झोपडवस्त्यांतील सुमारे ६७,००० लोकांनी चाचणीत भाग घेतला. काहींना लस दिली, काहींना लसीसारखीच दिसणारी पण निष्क्रिय मात्रा. पाच वर्षांपर्यंत संरक्षण ६५ टक्के टिकले. तीच लस २००९ पासून हैदराबादेत तयार होऊ लागली. २०१३ मध्ये साथींसाठी जगाचा साठा उभारला गेला. आणि २०१७ मध्ये कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांत साथ येण्यापूर्वीच लाखो लोकांना ती पाजण्यात आली. कांठालबागानपासून शंभराहून अधिक वर्षांनी त्याच शहरातील गरीब वस्त्यांनी पुन्हा एकदा जगाला पुरावा पुरविला.

या दीर्घ इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. लस पाण्याची जागा घेऊ शकत नाही. हाफकीन यांच्या काळीही काहींचा आक्षेप होता की टोचणीच्या नावाखाली राज्यकर्ते नळ आणि गटारे यांचा खर्च टाळतील. तो आक्षेप खोटा नव्हता. लंडन आणि पॅरिस यांनी पटकी घालविली ती शुद्ध पाण्याने. पण ज्या वस्तीत नळ येण्यास वीस वर्षे लागणार आहेत, तेथील आईने ती वीस वर्षे कशी काढावी, या प्रश्नाला निव्वळ पाण्याचा उपदेश हे उत्तर होत नाही. लस म्हणजे पाणी येईपर्यंतचा मधला काळ विकत घेणे. आणि तो काळ घेतल्यावर पाणी आणलेच पाहिजे, नाहीतर तो उधार राहतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये साथी एवढ्या वाढल्या आणि साठा एवढा अपुरा पडला, की दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय जगाला घ्यावा लागला. तो या उधारीचाच परिणाम होता.

कांठालबागानच्या त्या ११६ जणांनी अंगात जंतू घेतले ते शास्त्रावर उपकार करण्यासाठी नव्हे, तर आपली मुलेबाळे जगावीत म्हणून. उपकार झाला तो आपल्यावर. त्याची फेड कोठल्याही स्मारकाने व्हावयाची नाही; ज्या दिवशी अशा प्रत्येक वस्तीतील घागर स्वच्छ पाण्याने भरेल, आणि लसीची गरजच उरणार नाही, त्या दिवशी ती झाली असे म्हणता येईल.